त्रेचाळीस अंशांचा डोंगर

मी दोन वर्षं डोंगर बनवायचं काम केलं. ऐकायला हे भारी वाटतं, म्हणून कुणी विचारलं की मी आधी एवढंच सांगते. मग समोरचा "म्हणजे नेमकं काय?" म्हणतो आणि माझा उत्साह तिथंच संपतो. कॉम्प्युटरच्या गेममध्ये एक माणूस डावीकडून उजवीकडे धावतो, उड्या मारतो, पडतो, मरतो, पुन्हा उठतो. त्याच्या पायाखालची जमीन मी करायचे. माणूस दुसरं कुणी करायचं, आभाळ तिसरं कुणी. माझ्या वाट्याला फक्त जमीन आली होती.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. महाडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचे. सकाळी दोन बॅचेस, संध्याकाळी दोन. मधल्या वेळात गाव जेवून आडवं व्हायचं आणि मी एका सायबर कॅफेत जाऊन बसायचे. एसटी स्टँडच्या मागे एका बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर माझी खोली होती. आई जाऊन चार वर्षं झाली होती. भाऊ मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. आणि बा वर, आमच्या वाडीत, एकटा.

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात. आंबेनळी घाटाच्या रस्त्याला एसटीतून उतरायचं आणि अर्धा तास चढायचं. घराच्या मागून आणखी वीस मिनिटं चढलं की आमचं वरचं शेत, नाचणी-वरीचं. शेत म्हटलं तर शेत, नाहीतर डोंगराची बाजूच. बा त्या वेळी सत्तरीला टेकला होता आणि रोज तिथं जायचा. काम असो नसो.

मला एकच गोष्ट हवी होती, बाने खाली महाडला यावं. ही एक गोष्ट मी इतक्या वेळा, इतक्या तऱ्हांनी मागितली होती की मागतानाच कंटाळा यायचा. गोडीत सांगून झालं, भांडून झालं, दोन महिने अबोला धरून झाला. त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "जवर वरच्या शेतात चढतोय, तवर मी हितंच. ज्या दिशी चढता नाय येणार, त्या दिशी बघू." आणि मग कोयता उचलून तो चढायलाच लागायचा, जणू मी पाहुणी आले होते आणि माझं चहापाणी उरकलं होतं.

गेमचं काम मला क्लासच्या ओळखीतून मिळालं. मुंबईतले एक सर लहान लहान गेम बनवायचे आणि त्यांना कुणीतरी चिकाटीनं जमीन काढणारं हवं होतं. चिकाटी हा माझा गुण नाही, पण दुसरं कुणी तयार नव्हतं. काम नीट झालं तर ते महाडातूनच करता येईल, मुंबईला यायची गरज नाही, असं सरांनी फोनवर सांगितलं. मी लगेच हो म्हटलं. क्लास सोडायचा, दोन खोल्यांची जागा बघायची, एक बासाठी. तो येणार नाही हे ठाऊक असतानाही मी त्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला हवी इथपर्यंत जाऊन पोचले होते.

सरांनी सीडीवर त्यांचं इंजिन पाठवलं. इंजिन म्हणजे गेम चालवणारा प्रोग्रॅम. हे मी बाला सांगितलं तेव्हा तो विहिरीवरचं डिझेलचं इंजिन समजून गप्प बसला होता. त्यात पडद्यावर ठिपके द्यायचे. ठिपक्यांतून इंजिन एक वळणदार रेघ काढायचं आणि रेघेच्या आत आपण दिलेलं मातीचं चित्र फरश्या बसवाव्यात तसं भरत जायचं. रेघेच्या कडेनं दुसरं चित्र, लांब पट्टीसारखं, गवताचं. जमीन सपाट किंवा थोडी चढती असली की गवताची पट्टी, फार उभी झाली की कातळाची. गवत कुठं संपतं आणि कातळ कुठं सुरू होतो हे एका आकड्यावर ठरायचं. तो आकडा अंशांत, एका चौकोनात टाइप करायचा. तेवढ्या चढापर्यंत गवत, आणि गवतावर माणूस चालणार. त्याच्यापुढं कातळ, आणि कातळावरून माणूस घसरणार.

सगळा डोंगर त्या एका चौकोनावर उभा होता. मला हे कळायला बराच वेळ लागला.

पहिला प्रश्न मातीचा. मातीचं चित्र पाहिजे आणि माझ्याकडे डिजिटल कॅमेरा नव्हता. कॅफेत स्कॅनर होता. कॅफेचे मालक, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, अठरा वर्षं आखातात काढून परत आलेले. तिथल्या धुळीला इतके विटलेले की त्यांच्या कॅफेत सगळ्यांना चपला बाहेर काढाव्या लागत आणि प्रत्येक मॉनिटरला शिवलेली खोळ होती. अशा माणसाच्या स्कॅनरवर मी माती पसरायची ठरवली.

रविवारी घरी जाऊन मी बाला सांगितलं, वरच्या शेतातली पिशवीभर माती पाठव. त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. बुधवारी एसटीच्या कंडक्टरनं पिशवी आणून दिली. दुपारी चाचा नमाजाला गेले तशी मी काचेवर प्लॅस्टिक अंथरलं, त्यावर माती पसरली, वरून वही दाबली आणि स्कॅन केलं. पडद्यावर आली ती विटेची पूड. तांबडी, एकसारखी, गुळगुळीत. एक खडा नाही, मूळ नाही, ढेकूळ नाही. अशा मातीचा डोंगर केला असता तर गाजराचा हलवा दिसला असता.

बाने माती चाळून पाठवली होती. चाळणीनं चाळून, खडे वेचून, मुळ्या काढून. शेतातली माती कुणा परक्याला दाखवायची तर ती साफ करूनच द्यायला नको का? धान्य पाठवताना पाखडून पाठवतो तसं त्यानं केलं होतं. राग आला, हसूही आलं, आणि सत्तर वर्षांचा माणूस उन्हात बसून माझ्यासाठी मातीतले खडे वेचतोय हे डोळ्यांपुढं आलं तेव्हा जरा रडूही आलं. चाचा परत आले तेव्हा त्यांनी प्लॅस्टिकच्या कडेला सांडलेली चिमूटभर माती बघितली.

"बेटा, हा स्कॅनर आहे की नांगरायचं शेत?"

मी माफी मागितली. त्यांनी फुंकणीनं, मग ब्रशनं, मग स्वतःच्या रुमालानं काच पुसली. आठवडाभर ते माझ्याशी फक्त मानेनं बोलले.

पुढच्या रविवारी मी स्वतः वर गेले. माती घ्यायची होतीच, शिवाय आकडा हवा होता. सरांनी चौकोनात काहीच लिहिलेलं नव्हतं, "तुमच्या अंदाजानं ठेवा" म्हणाले होते. अंदाजानं कशाला ठेवायचं, आपल्याकडे डोंगर आहे की, असं मला वाटलं. कंपासपेटीतला कोनमापक नेला होता. बाची काठी चढाच्या उताराला धरून टाकली, कोनमापक उलटा करून तिला चिकटवला, मध्यावरून दोरा सोडला आणि दोऱ्याला खडा बांधला. दोरा वाऱ्यानं हलत होता. मी काठी धरली आणि वाचायचं काम बाकडे आलं. तो चौथी शिकलेला. डोळे बारीक करून त्यानं बराच वेळ घेतला.

"नव्वदातनं किती कमी झाले ते सांगायचं ना?"

"हो."

"मंग त्रेचाळीस."

आम्ही आणखी चार जागी मोजलं. चाळीस, बेचाळीस, एकेचाळीस, आणि पुन्हा त्रेचाळीस. बाला फार आनंद झाला. आपलं शेत मोजता येतं हे त्याला तलाठ्यामुळे माहीत होतं, पण ते असंही मोजता येतं हे नवीन होतं. उतरताना वाटेत जो भेटेल त्याला तो सांगत होता, "आपला त्रेचाळीस हाय." ऐकणारे माना डोलवत होते, कशाचे त्रेचाळीस ते न विचारता.

माती मी माझ्या हातांनी भरली, खड्यांसकट, मुळांसकट. बाला ते अजिबात पटलं नाही. "लोकांला काय दगड दाखवायचं?" म्हणत तो बाजूला उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला बाजार करायचा होता, तेव्हा पिशवी घेऊन तोही माझ्याबरोबर महाडला आला आणि दुपारी कॅफेत येऊन बसला. चपला बाहेर काढून, हात मांडीवर ठेवून, देवळात बसावं तसा. चाचांनी त्याला बघितलं आणि त्या दिवशी मातीबद्दल एक शब्द काढला नाही. उलट चहा मागवला.

त्याच्यासमोर मी माती स्कॅन केली, तिचा चौकोन कापला आणि डोंगरात भरला. डोंगराची रेघ मी आमच्या शेताचीच काढली होती. बा पडद्याच्या इतका जवळ गेला की त्याचा श्वास काचेवर दिसू लागला.

"हा दगड मघाशी व्हता," तो म्हणाला. "हा परत आला. हा बघ, अजून एकदा."

पिशवीत एक पांढरा खडा आला होता, आणि चौकोन जितक्या वेळा बसवला तितक्या वेळा तो दिसत होता. चार बोटांवर एक. या कामातली खरी कटकट हीच असते. चित्राची डावी कड उजव्या कडेला जुळली पाहिजे, वरची खालच्या कडेला, आणि मध्ये लक्षात राहील असं काही असता कामा नये. असलं तर बघणाऱ्याला फरशी दिसते, माती दिसत नाही. मी पांढरा खडा पुसून टाकला. मग बाला एक वाकडं मूळ सापडलं. तेही पुसलं. दोन तास आम्ही त्या मातीतून एकेक करून तेच काढत बसलो जे त्यानं पहिल्या वेळी आपणहून काढलं होतं. तो एका शब्दानंही तसं म्हणाला नाही.

मग मी चौकोनात त्रेचाळीस टाइप केलं. गवताची पट्टी डोंगराच्या पायथ्याला होती ती सळसळत वर चढली, जिथं आमचं घर आणि आंबा असायला हवा त्या जागांवरून, थेट वरच्या शेताच्या टोकापर्यंत. माणूस तिच्यावरून चालत वर गेला आणि उभा राहिला.

"आता बराबर हाय," बा म्हणाला, आणि चार वाजताच्या एसटीनं निघून गेला.

त्या डोंगरावर मी बारा लेव्हल्स बांधल्या. एक लेव्हल म्हणजे चारशे-पाचशे ठिपके, आणि ठिपका जरा हलला की गवत तुटून मध्ये कातळाचं ठिगळ दिसणार. त्यात भारनियमन. दुपारी वीज गेली की यूपीएस ओरडायला लागायचा आणि पाच मिनिटांत सगळं वाचवून बंद करायचं. मनगट सुजलं होतं. सकाळच्या बॅचला मी पोरींना टायपिंग शिकवायचे आणि माझीच बोटं चुकायची. पावसाळा तोंडावर असताना बाराही लेव्हल्स सीडीवर घातल्या आणि चाचांच्या भावाच्या ट्रकमधून मुंबईला पाठवल्या. सहा दिवसांनी सरांचा फोन आला.

"मॅडम, शिडी कुठं ठेवली आहे?"

मला कळेना. कुठली शिडी?

त्यांनी पाच-सहा मुलांना गेम खेळायला बसवलं होतं. सगळी मुलं पहिल्याच डोंगराच्या पायथ्याशी थांबली. मागं गेली, पुढं आली, उड्या मारल्या, आणि वर जायची शिडी शोधत राहिली. चालत वर जायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यांना तो डोंगर भिंत वाटला होता.

मी सांगितलं, शिडी नाही, नुसतं चालत जायचं, गवत आहे ना. सर हसले. वाईट नव्हते हसले, पण हसले. "अहो, असल्या चढावर माणूस चालतो का?"

चालतो. भारा डोक्यावर घेऊन चालतो, पोटुशी बाई चालते, शाळेतली पोरं पाटी घेऊन धावत उतरतात. हे सगळं माझ्या तोंडात आलं आणि तिथंच राहिलं. मला स्वतःचंच नवल वाटत होतं. इतके महिने तो डोंगर बघत होते, आणि कुणाला तो बघून वाट दिसणार नाही हे एकदाही मनात आलं नव्हतं.

सरांचं दुसरं कारण मात्र खरं होतं. त्यांचा माणूस ताठ काढलेला होता. तिरक्या जमिनीवर उभा केला की त्याचा एक पाय हवेत राहायचा आणि दुसरा घोट्यापर्यंत मातीत रुतायचा. तीस अंशांपर्यंत ते खपून जायचं, पुढं विचित्र दिसायचं. आमच्याकडे चढावर कुणी ताठ उभं राहत नाही. वरचा गुडघा वाकलेला, खालचा पाय आडवा, अंग डोंगराकडे. पण त्या माणसाला गुडघेच दिलेले नव्हते, आणि माणूस बदलायला सरांकडे वेळ नव्हता. "तीस करा," ते म्हणाले. "आणि सगळे चढ त्या हिशेबात आणा."

मी तीस टाइप केलं. गवत वरून खाली ओसरलं. आमचं शेत, शेताची वाट, घराच्या मागचा चढ, सगळ्यावर काळा कातळ आला. माणूस शेतात उभा होता तो पाय न हलवता घसरायला लागला आणि पायथ्याशी येऊन थांबला. मी रडले नाही. मला फक्त बारा लेव्हल्स पुन्हा कराव्या लागणार हे दिसत होतं, आणि इतका थकवा आला की खोळ न घालताच मॉनिटर बंद करून घरी गेले. जुन्या फायली पुसल्या नाहीत. त्रेचाळीसचा डोंगर वेगळ्या नावानं ठेवून दिला.

श्रावणात बा पडला. वरच्या शेतातून गवताचा भारा आणताना पाय सटकला आणि दहा-बारा हात खाली गेला, करवंदीच्या जाळीत अडकला. त्यानं मला कळवलं नाही. चार दिवसांनी तोच कंडक्टर म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमचा म्हातारा लंगडतोय." मी तशीच वर गेले. गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला आणि बा ओटीवर बसून दोरी वळत होता.

"पाऊस व्हता म्हणून सटकला," तो म्हणाला. "चढता येतंय मला."

"चढून दाखव."

तो उठला. घराच्या मागं गेला आणि खरंच चढला, झाडांना धरत, एकेक पाय टाकत. अर्ध्यावर जाऊन थांबला आणि पाठमोराच उभा राहिला, जरा श्वास घेतोय असं दाखवत. मी खालून बघत होते. मला त्याचा इतका राग आला की त्या क्षणी तो पुन्हा पडला असता तरी चाललं असतं, असं वाटून गेलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं वाटलं होतं.

मी त्याला डॉक्टरला दाखवायला महाडला आणलं. फोटो काढला, हाड शाबूत होतं. वाडीतल्या लोकांनी सांगितलं म्हणून जवळच्या सव गावी, गरम पाण्याच्या कुंडावर नेऊन दोन वेळा गुडघा शेकवला. तिथं पाण्यात पाय सोडून बसलेला असताना मी पुन्हा विषय काढला आणि तो पुन्हा तेच म्हणाला. जवर चढतोय तवर. परत येताना रिक्षात आम्ही दोघं दोन बाजूंना बघत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला कॅफेत घेऊन गेले. गेम जवळपास तयार झाला होता आणि त्याला बघायचा होता, निदान तो तसं म्हणाला. चाचांनी त्याच्यासाठी गादीची खुर्ची दिली. मी फोल्डर उघडलं. त्यात दोन फायली होत्या, दोन्हींत आमचा डोंगर होता. एकीत त्रेचाळीस, एकीत तीस. सरांसाठी केलेल्या नव्या लेव्हल्समध्ये तो डोंगर उरलाही नव्हता, सगळ्या ठेंगण्या टेकड्या होत्या. या दोन फायली माझ्या एकटीच्या होत्या.

मी तीसची उघडली.

माणूस मी वरच्या शेतात ठेवला होता. गेम सुरू झाला आणि तो घसरायला लागला. शेतातून घराच्या मागं, घराच्या मागून आंब्याकडे, तिथून खाली. पायथ्याला येऊन उभा राहिला. मी पुन्हा सुरू केलं, तो पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा बाने स्वतः बटण दाबलं, मी दाखवलं होतं ते. मी पडद्याकडे बघत नव्हते. त्याच्या गुडघ्यावरची पट्टी बघत होते.

"सगळेच घसरतात?" त्यानं विचारलं.

"सगळेच," मी म्हणाले. "त्या चढावर कुणीच टिकत नाही, बा. तसा नियमच आहे."

बाहेर कुणीतरी चपला शोधत होतं. मग त्यानं पायथ्याच्या मोकळ्या जागेवर, जिथं माणूस येऊन थांबला होता, बोट ठेवलं. चाचा बघत होते, पण काचेला बोट लावू नका असं म्हणाले नाहीत.

"मंग त्याला हितं खाली घर दे," बा म्हणाला.

मी तिथल्या तिथं घर काढलं. वाईट निघालं, कारण मला घरं काढता येत नाहीत, जमीनच येते. दार जरा वाकडं झालं. बाने ते बघून मान हलवली आणि उठला.

नाचणी काढून झाल्यावर, दिवाळीच्या सुमारास तो खाली आला. एक ट्रंक, एक घोंगडी, कोयता. कोयत्याचं महाडात काही काम नव्हतं, तो खाटेखाली राहिला. वरच्या शेतात त्यानंतर कुणी नाचणी केली नाही. मी क्लास सोडला, दोन खोल्यांची जागा घेतली. सरांचा गेम बाहेर आला, थोडे दिवस चालला आणि सगळे विसरले. पुढं तसलं काम राहिलं नाही आणि मी पुन्हा शिकवायला लागले.

बा पाच वर्षं माझ्याजवळ राहिला. बरा राहिला, असं मी सगळ्यांना सांगायचे. सकाळी रस्त्यानं चालून यायचा आणि पोटऱ्या चोळत बसायचा. म्हणायचा, सपाटीला पाय दुखतात, सारखं एकाच जागचं दुखतं. रस्त्यावरही तो एक गुडघा जरासा वाकवूनच चालायचा. शेजारच्यांना वाटायचं, पडल्यामुळे. मीही तेच सांगायचे.

त्या दुपारचा विचार मी करायचे नाही असं नाही. पण एकदा माणूस खाली आलाय, पडायची भीती गेली, झोप लागते, तर कशाला उकरून काढायचं? मी त्याच्या भल्यासाठीच केलं होतं, आणि आजही तीच वेळ आली तर तीच फाईल उघडेन. आकडा माझ्या हातात होता हे त्याला कळलं नाही, अशी माझी समजूत होती. खरं तर त्रेचाळीसच्या वेळी तो माझ्या शेजारीच बसला होता. मी टाइप केलं तेव्हा गवत चढताना त्यानं बघितलं होतं. पण म्हाताऱ्या माणसाच्या काय लक्षात राहणार, असं म्हणून मी ते सोयीनं बाजूला सारलं होतं.

शेवटच्या वर्षी एका रविवारी आम्ही जेवून बसलो होतो. मी क्लासचे पेपर तपासत होते आणि तो शेंगा सोलत होता. बाहेर ऊन होतं. विषय कशाचाच नव्हता. भावाचा फोन येऊन गेला होता, पावसाचं काहीतरी बोलणं झालं होतं. त्यानं एक शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले आणि मान वर न करता म्हणाला,

"त्या दिशी तू त्रेचाळीस नाय घातलेस, गो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी हातातला पेपर खाली ठेवला. तो पुढची शेंग सोलायला लागला.